न ढकलता उघडणारं दार

९ जुलै

दार आपोआप उघडलं! त्याच्या खोलीचं.

दुपार होती. मी हॉलमधल्या खुर्चीत बसले होते, म्हणजे तो गेल्यापासून, एप्रिलपासून, बसते तशीच. त्याच्या खोलीचं दार नुसतं ओढून घेतलेलं असतं, कडी लावत नाही मी. ते करकरलं आणि हळूहळू अर्धं उघडलं. माझ्या जागेवरून आतलं थोडंच दिसतं. नकाशे काढायचं त्याचं टेबल, चाकांची खुर्ची, खुंटीवरचा करडा शर्ट. माणूस कुणी नाही.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. चांगलीच धाप लागली होती त्यांना. घाबरल्या असणार. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "आला वाटतं तो."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "आई, काहीतरी काय बोलता! वारा आहे वारा." उठले, त्यांना हाताला धरून आत नेलं, दाखवलं. खोलीला मागच्या बाजूनं गॅलरीचं दार आहे, ते किलकिलं होतं. गॅलरी पार स्वयंपाकघरापर्यंत जाते, त्यातून वारा शिरतो, दारावर दाब पडतो, बिजागरी सैल — झालं! बल लागल्याशिवाय वस्तू हलत नाही आणि बल लागलं की भूत लागत नाही. बराच वेळ बोलत होते मी. त्या निमूट ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "असेल बाई. जेवतेस का आता?"

जेवले. दोनदा वाढून घेतलं. आणि आता हे लिहितेय. मधली सगळी पानं कोरी आहेत.

११ जुलै

परत! आज तर गॅलरीचं दार मी ओढून लावलं होतं. नंतर जाऊन बघितलं तर तसंच लावलेलं.

सासूबाई म्हणतात, "लहानपणीसुद्धा कधी दार वाजवून यायचा नाही."

१५ जुलै

खोलीत कागदाच्या पट्ट्या टांगल्या. वारा असला तर हलतील, नसला तर नाही. सकाळपासून डोळ्यांत तेल घालून बसले. आणि दार उघडलं कधी, तर मी अंघोळीला गेल्यावर! हे म्हणजे मुद्दामच.

"पट्ट्या हलल्या का, आई?"

"नाही गं. मी बघत होते ना."

"नीट बघितलंत?"

"चष्मा लावून बघितलं."

बिजागऱ्यांना तेल घातलं. फटीत फडकी कोंबली. सासूबाई स्टुलावर बसून मला हे दे, ते धर, करत होत्या. बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या. माझ्या नाकाला तेल लागलं होतं म्हणून.

२२ जुलै

शाळेत गेले. दाराची राखण करत घरात बसण्यापेक्षा नववीचा वर्ग बरा. मोठ्या बाईंनी नुसतं वेळापत्रक हातात दिलं. उपकार झाले.

३० जुलै

आज धडा तोच. बल आणि गती. स्थिर वस्तू स्थिरच राहते, चालती वस्तू चालतच राहते, बाहेरून कुणी काही केल्याशिवाय. ग्लासवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं, पुठ्ठ्याला टिचकी, नाणं ग्लासात. मुलं खूष.

दोन वेण्यांवाली उठली. "मॅडम, बसचं उदाहरण राहिलं. ब्रेक लागला की माणसं पुढे झुकतात ते."

"वेळ संपली," मी म्हणाले. वेळ संपली नव्हती.

बारा वर्षं ते उदाहरण शिकवतेय. फळ्यावर बस काढायची, आत काड्यांची माणसं. बस थांबते, माणसं थांबत नाहीत. कधी वाटलं नव्हतं की त्यातला एक माणूस माझा असेल. कंडक्टर घरी आला होता भेटायला, दारातच रडला. "साहेब तिकीट घेत होते हो. तेवढ्यापुरता हात सोडला होता." एक सायकल आडवी आली. सगळे पुढे झुकले, सावरले, ड्रायव्हरला शिव्या दिल्या. हा लोखंडी खांबावर आपटला. कपडेसुद्धा मळले नव्हते.

गाडीचा वेग फार नव्हता असं सगळे सांगतात. मला ते ऐकवत नाही.

६ ऑगस्ट

दार. सासूबाई म्हणाल्या, "आज लवकर आला."

वाद घातला नाही. थकले होते. पण पेपर तपासत बसले आणि मधूनमधून त्या खोलीकडे बघत होते हे खरं.

२ सप्टेंबर

महिना होत आला, दार उघडलेलं नाही. फडक्यांचा उपयोग झाला म्हणायचा. सासूबाईंना म्हटलं, "बघा! आलं ना लक्षात? वाराच होता." त्या म्हणाल्या, "तुला बरं वाटतंय ना आता?"

हो म्हणाले. मग खोलीत जाऊन फडकी थोडी सैल केली. का केली? मूर्खपणा! परत घट्ट बसवली.

९ ऑक्टोबर

शेजारच्या मोकळ्या जागेत मशीन आलंय. मोठी इमारत होणार म्हणे, गाड्या ठेवायला जमिनीखाली दोन मजले. दिवसभर धाड-धाड-धाड. कपाटातल्या कपबश्या किणकिणतात. खालच्या मजल्यावरचे टेलर जिन्यात भेटले. "मॅडम, सुईत दोरा ओवायचा म्हणजे मशीन बंद व्हायची वाट बघावी लागते!"

२३ ऑक्टोबर

दार उघडलं.

या वेळी सासूबाई माझ्याशेजारीच बसल्या होत्या, वाटाणे सोलत. मशीनला जेवणाची सुट्टी होती, सगळं शांत होतं. वारा नव्हता. दार उघडलं ते अर्ध्यावर थांबलं नाही, भिंतीला टेकेपर्यंत गेलं.

मला वाटलं आता म्हणतील, आला. पण नाही! चेहरा पांढराफटक. हातातली शेंग तशीच. मी चेष्टेनं म्हटलं, "आई, जुलैत तर मजेत सांगायचात, आज काय झालं?" त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यावरूनच आत बघत उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ. मग अगदी हळू, त्याच्या लहानपणचं नाव घेऊन हाक मारली.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. लिहितानाही येतोय.

१ नोव्हेंबर

खुर्ची! चाकांची खुर्ची टेबलापासून खिडकीपर्यंत गेली. माझ्यासमोर, उजेडात.

भ्यायले. खोटं कशाला लिहू. पण मग डोकं चाललं. शाळेतून दोरी आणि वजन आणलं, चौकटीच्या वर खिळ्याला बांधून लोंबकळत सोडलं. गवंडी भिंत सरळ आहे का बघतात तसं. दोरी काही चौकटीशी खोटं बोलणार नाही.

चौकट कललेली आहे! वजनाचं टोक एक बोट बाहेर. जमिनीला खिडकीकडे उतार. वस्तूचं वजन सरळ खाली ओढतं, त्यातला थोडा भाग उताराच्या दिशेनं खेचतो, चाकांना घर्षण कमी, खुर्ची निघाली फिरायला. सापडलं! जिथे टोक आलं तिथे जमिनीवर पेन्सिलीनं खूण केली.

म्हणजे जुलैतसुद्धा वारा नव्हताच, हाच उतार होता. जुनी इमारत. म्हातारपणी माणूससुद्धा एका बाजूला कलतो.

सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "तुझं शास्त्र तुझ्यापाशी. मला माहीत आहे ते मला माहीत आहे."

८ नोव्हेंबर

टेलर वर आले. "मॅडम, रिळं टेबलावरून पळतात. कापड पसरलं की कात्री घसरत जाते. या खोदाईमुळं तर नसेल? बायको घाबरलीय."

मी त्यांना छातीठोक सांगितलं, "मुळीच नाही. आमचं दार जुलैपासून उघडतंय, खोदाई तर आत्ता सुरू झाली. घर आधीपासूनच कललेलं आहे, आपलं लक्ष आत्ता गेलं." पुठ्ठा कापला, घडी घातली, पाचर करून दिली. टेबलाच्या पायाखाली सरकवायची. एका बाजूनं घर ढकलतं, दुसऱ्या बाजूनं आपण. बेरीज शून्य, वस्तू जागच्या जागी.

"मॅडम म्हणतात म्हणजे झालं," म्हणून गेले. संध्याकाळपर्यंत वरची नर्स आली, तळमजल्याचे आजोबा आले. सगळ्यांना पुठ्ठा! कुणाचं कपाट, कुणाचा पलंग. मी पण आमच्या दाराखाली एक ठोकली, वर कडी घातली, खुर्चीच्या चाकांना दोन. घर कसं शहाण्यासारखं गप्प बसलं.

२६ नोव्हेंबर

सासूबाई बोलत नाहीत माझ्याशी. विचारलं, काय झालं? तर म्हणाल्या, "बांधून ठेवलंस तू त्याला."

१४ डिसेंबर

शाळेतून लवकर आले. सासूबाई त्याच्या दाराला कान लावून बसल्या होत्या, जमिनीवर. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, उठवताना दोघींचीही दमछाक झाली. म्हणाल्या, "तो आत धडपडतोय गं. लाकूड वाजतंय ऐक."

ऐकलं. खरंच वाजत होतं. आतून टिक्... टिक्... असं. "लाकूड थंडीनं आकसतं, आई." मी लगेच म्हणाले. माझ्याकडे उत्तर तयारच असतं.

मग किती राग आला मला त्यांचा! मी त्याला एकदाच घालवलाय, तेच झेपत नाही. या रोज आणतात आणि रोज मला घालवायला लावतात. आणि दया पण आली. एकुलता एक होता. त्यांना धरून बसले नुसती.

९ जानेवारी

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते ऐकलं होतं.

घरी आले तर सासूबाई पाचरी काढायला लागलेल्या. दाराखालची काढून झाली होती. "येऊ दे त्याला," म्हणाल्या. दाराची कडी त्यांनी माझ्यासमोर काढली आणि दार असं धाडकन भिंतीवर आदळलं की गिलावा पडला. खुर्ची नोव्हेंबरात रमतगमत गेली होती. आज त्यांनी चाकांखालच्या पाचरी काठीनं उडवल्या तशी सुसाट सुटली, खिडकीखालच्या भिंतीला धडकून उलटली.

सासूबाई हात जोडून उभ्या. मी दोरी शोधत होते.

त्याच खिळ्याला वजन बांधलं. टोक पेन्सिलीच्या खुणेवर यायला हवं होतं. खूण राहिली कुठल्या कुठे, पूर्ण पंजाभर अंतर.

उतार वाढतोय. दोन महिने वाढत होता आणि आम्ही सगळ्यांनी पुठ्ठे घालून घालून तो झाकला! सगळ्यांना ते कोणी शिकवलं? मी. उंटावरची शहाणी! पुठ्ठा वस्तूला थांबवतो, घराला नाही. हे नववीच्या पोरांनी सांगितलं असतं.

धावत खाली गेले. टेलरच्या टेबलाखाली पुठ्ठ्यांची चळत झाली होती. "कमी पडलं की एकेक वाढवत गेलो, मॅडम."

१० जानेवारी

तक्रार केल्यावर पालिकेचे इंजिनिअर आले. तरुण, घामाघूम. जिन्यातल्या भेगांत बोट घातलं. मग सगळ्यांना अंगणात बोलावून सांगितलं, परवापर्यंत इमारत रिकामी करा. खोदाईमुळे एका बाजूची माती सरकली आहे.

मी म्हटलं, "पण आमचं दार जुलैपासून उघडतंय."

"शक्य नाही, मॅडम."

"मी स्वतः बघितलंय."

त्यांनी जिन्याच्या भिंतीवरचे लाल ठिपके दाखवले. "खोदाईच्या आधी, सप्टेंबरात, मीच मापं घेतली होती. प्रत्येक मजल्यावर. एकदम सरळ इमारत होती. कलायला लागली ती ऑक्टोबरपासून."

"मग जुलैत काय होतं?"

"वारा असेल," ते म्हणाले.

वारा नव्हता! वारा तर मीच खोडून काढलाय. पट्ट्या हलल्या नव्हत्या.

१२ जानेवारी

टेलर गेले, नर्स गेली, आजोबांना मुलगी घेऊन गेली. उरलो आम्ही दोघी. सासूबाई त्याच्या खोलीत पलंगाची कड धरून बसलेल्या, हलायला तयार नाहीत. मी समजावलं, ओरडले, पाया पडले. "तू जा," म्हणाल्या. "तुझं वय आहे. मला त्याच्याजवळ राहू दे. तो मला सोडून गेला नाही, मी कशी जाऊ?"

भिंतीत काहीतरी कडाड् करून तुटलं. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

मग त्यांनीच विचारलं. आवाज अगदी बारीक. "खरं सांग. दार, खुर्ची, ते लाकूड वाजायचं... सगळं उतारामुळंच?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलवलं. "ऑक्टोबरनंतरचं सगळं उतारामुळं, आई. तो नव्हता."

त्यांचा चेहरा विझत गेला. मला बघवेना. म्हणून जे मनात होतं ते बोलून टाकलं, परवापासून कुणाला सांगितलं नव्हतं ते. "पण जुलैतलं नाही. तेव्हा घर सरळ होतं, वारा नव्हता. माझ्याकडे उत्तर नाही. जुलैत तोच आला असेल, आई. तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कसं लिहू तो चेहरा? मला वाटलं आनंद होईल. जणू मीच त्यांच्या तोंडात मारलं होतं. काहीतरी बोलायला गेल्या, बोलल्या नाहीत. काठी शोधली, उठल्या आणि मागे वळून न बघता जिना उतरायला लागल्या.

मी करडा शर्ट तेवढा घेतला.

१५ जानेवारी

गॅलरीकडची सगळी बाजू कोसळली. सकाळी. आत कुणी नव्हतं.

२४ जानेवारी

शाळेच्या मागे दोन खोल्या मिळाल्यात, मोठ्या बाईंच्या कृपेनं. जमीन सपाट. पहिल्याच दिवशी पेन्सिल ठेवून बघितली, जागची हलली नाही.

रोज मनात तेच मांडते. वारा नाही. उतार नाही. घरात आम्ही दोघीच, आणि सासूबाई स्वयंपाकघरात. मग बल कुणाचं? एक एक शक्यता खोडत गेलं की शेवटी जे राहतं तेच उत्तर, हे मीच शिकवत आलेय. तो आला होता. माझ्यासाठी आला होता, आणि मी काय केलं? वाऱ्यावर व्याख्यान दिलं. फटीत फडकी कोंबली!

तेव्हा नुसती हाक मारली असती तर?

२ फेब्रुवारी

आज शाळेत गेले नाही. कालही नाही. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आहे, कडी काढून ठेवली आहे. जरा हललं तरी चाहूल चुकेल असं वाटतं. सासूबाईंनी ताट आणून ठेवलं, मग नेलं. "अगं, निदान बोल तरी," म्हणाल्या. बोलले असते, पण त्यांचा आवाज फार लांबून येतो.

नवीन पत्ता त्याला माहीत असेल ना?

५ फेब्रुवारी

सासूबाई माझ्या आणि दाराच्या मधे स्टूल टाकून बसल्या. म्हणाल्या, "जुलैत मीच ढकलायचे. गॅलरीतून यायचे, काठीनं दार लोटायचे आणि परत स्वयंपाकघरात पळायचे. या गुडघ्यांनी! तू अशीच बसलेली असायचीस, आत्ता बसलीयस तशी. तीन महिने. जेव म्हटलं तर जेवायचीस नाही, रड म्हटलं तर रडायचीस नाही. दार हललं आणि तू उठलीस. माझ्यावर खेकसलीस, तेव्हा म्हटलं, सुटली पोरगी. मग तू शाळेत रुळलीस, तेव्हा ऑगस्टात मी सोडून दिलं."

त्यांनी माझे दोन्ही हात ओढले, उठवायला.

"आणि ऑक्टोबरात मी हात लावला नव्हता गं. तुझ्या शेजारी बसले होते. म्हणून मला वाटलं, आता खरंच तो आला."